धुरपदाबाईची पेगूमाय

भडगावपासून कोस-दीड कोसावर गिरणेच्या काठाला एक गाव आहे. नाव सांगण्यात अर्थ नाही. तिथली माणसं अजून धडधाकट आहेत आणि भांडायला त्यांना वेळही भरपूर असतो. या गावात गाईला देव मानतात. वसुबारसेला तिच्या पायावर पाणी घालतात, शेपटी डोळ्यांना लावतात. चहा मात्र म्हशीच्या दुधाचा पितात. तूप म्हशीचं, ताक म्हशीचं, लग्नातला खवा म्हशीचा. आणि एवढं सगळं पिऊन, मिशा पुसून झाल्या की घरातल्या मठ्ठ पोराला टोणगा म्हणून हाक मारतात.

धुरपदाबाईला या गोष्टीचा मनापासून राग येई. तिचा पोटाचा धंदाच म्हशीच्या दुधाचा होता म्हणून नव्हे, तर तिचा देवही म्हैसच होता म्हणून. गावानं तिच्या दुधाला कधी नाव ठेवलं नाही. देवाला मात्र तेरा-चौदा वर्षं नावंच ठेवली.

हा देव तिनं ब्रह्मदेशातून आणला होता. गावातल्या कन्हैयालाल शेटजींचं तिकडे पेगू शहरात तांदळाचं दुकान होतं. त्यांच्याकडे पोती वाहायला नथ्थू गेला आणि शेठाणी सूरजबाईच्या हाताखाली घरकामाला त्याची बायको धुरपदा. तिथे चौदा वर्षं निघाली. पहिली दोन मुलं तिथल्याच मातीत गेली. तिसऱ्या वेळी शेजारची मा ठिन नावाची ब्रह्मी बाई तिला हाताला धरून एका देवळात घेऊन गेली. आत बाईची मूर्ती, अंगावर हिरवं वस्त्र, आणि डोक्यावर मुकुटाच्या जागी शिंगांसकट म्हशीचं मुंडकं. समोर केळीचे फणे, नारळ आणि ताटलीत तळलेले मासे. धुरपदा आधी घाबरली. मग मा ठिननं तिला गोष्ट सांगितली.

तिकडच्या लोकांत असे बरेच देव आहेत. ते वरून उतरलेले नसतात. अवेळी, कुणाच्या तरी जुलमानं मेलेली ही माणसं आणि जनावरं असतात, आणि लोक त्यांना भिऊन, हळहळून पुजतात. ही पेगूची आई त्यांतलीच. राजाचं एक तान्हं पोर जंगलात सुटलं, ते एका म्हशीनं आपल्या दुधावर वाढवलं. पोर मोठं होऊन राजाकडे गेलं, तेव्हा राजा म्हणाला, गादी हवी असेल तर त्या म्हशीचं डोकं आण. पोर जंगलात येऊन रडत बसलं. म्हशीनं कारण विचारलं, आणि ऐकल्यावर आपण होऊन मान पुढे केली. पोराला गादी मिळाली, आणि म्हशीला देऊळ मिळालं.

धुरपदानं त्या देवळात नवस केला आणि पितांबर जगला. मग तिनं त्या देवीला आपल्या बोलीत पेगूमाय हे नाव देऊन टाकलं आणि दर पुनवेला तिच्यापुढे तळलेला मासा ठेवायला लागली. तिचं बघून सूरजबाई शेठाणीही एक दिवस पदर पुढे ओढून, शेटजींना पत्ता लागू न देता, नारळ घेऊन त्या देवळात जाऊन आली. सुरेशचंदचा जन्म त्यानंतरचा. ही गोष्ट पुढे लागणार आहे म्हणून सांगितली.

बेचाळीस साली जपानी बॉम्ब पडायला लागले. शेटजी आगबोटीनं निघून गेले. हमालांना बोटीवर जागा नव्हती. ते अराकानच्या डोंगरातून चालत निघाले. निघताना मा ठिननं आपल्या देव्हाऱ्यातली दीड वीत उंचीची लाकडी पेगूमाय धुरपदाच्या ओटीत घातली आणि म्हणाली, हिला रोज काही लागत नाही, फक्त हिच्यासमोर कुणाचं पारडं उपाशी ठेवू नकोस. नथ्थू वाटेतच पटकीनं गेला. धुरपदा अकरा वर्षांच्या पितांबरचा हात धरून आणि मूर्ती पाठीला बांधून खानदेशात परतली. गावानं तोंडात बोट घातलं. लोक ब्रह्मदेशातून माणकं आणतात, सोनं आणतात. या बाईनं नवरा घालवला आणि लाकडाची म्हैस आणली.

पण बाई खमकी. घरोघरी शेण-गोठा करून तिनं एक म्हैस उभी केली, तिची पारडी वाढवली, आणि स्वातंत्र्य आलं त्या साली अर्ध्या गावाचं दूध धुरपदाबाईकडून जात होतं. पाणी न घालता दूध विकणारी म्हणून तिचं नाव होतं. पण त्याहून जास्त नाव होतं तिच्या वेडेपणाचं. दोन सड पारड्याचे आणि दोन सड गावाचे, हा तिचा नेम. बाकीच्यांच्या गोठ्यात रीत वेगळी होती. पारडी झाली तर तिला थोडंफार पाजत, कारण ती उद्याची म्हैस. नर झाला तर त्याला नुसता सडाला लावून म्हशीला पान्हा सुटला की ओढून बांधायचं. आठ-पंधरा दिवसांत तो आपोआप मरे. कुणी मारला नाही, म्हणून पापही कुणाला लागत नसे. मग कातड्याचं काम करणारा चिंधा येई, त्या पारड्याचं कातडं काढून त्यात भुसा भरी आणि शिवून देई. ते भुशाचं पारडं म्हशीपुढे ठेवलं की ती बिचारी त्याला चाटत राही आणि दूध सोडी. आणि वर हेच लोक म्हणत, म्हशीला अक्कल नसते.

धुरपदाबाईनं हे आपल्या गोठ्यात कधी होऊ दिलं नाही. नर असो, मादी असो, दोन सड त्याचे. बायका दुधाचं भांडं घेऊन ताटकळत उभ्या राहत आणि समोर टोणगा मजेत ढुशा देत दूध पीत असे. बायका नाक मुरडत, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा येत, कारण दूध घट्ट होतं.

याच दुधावर पितांबर वाढला. अंगानं भरला, सातवीची फायनल पास झाला, धोतर सोडून पायजमा घालू लागला. पुढे सोसायटीत कारकून लागला आणि त्याला भाषण करण्याची सवय जडली. गावात कुणाचा सत्कार असो की तेरावं, पितांबर चार शब्द बोलल्याशिवाय ताटावर बसत नसे. बोलायचा चांगलं. घरात अहिराणी, बाहेर पुस्तकातली मराठी, आणि ‘माझ्या माउलीनं मला रक्ताचं दूध करून वाढवलं’ हे वाक्य ठरलेलं. ऐकणारे डोळे पुसत. ते रक्त कुणाचं आणि दूध कुणाचं याचा हिशेब घरी चांदी म्हशीला माहीत होता, पण तिला सत्काराला कोण बोलावतो.

माउली मात्र हे भाषण ऐकून हरखून जाई. दोन मुलं मातीत घालून, नवरा डोंगरात टाकून राहिलेला हा एकच जीव. तो बोलायला उभा राहिला की तिला पेगूच्या देवळातला नवस आठवे. हे तिचं खरं दुखणं होतं, आणि ते पितांबरला पक्कं ठाऊक होतं.

छप्पन साली पंचायतीची निवडणूक लागली. पितांबर उभा राहिला. पंच होऊन, सरपंच होऊन मगच बोहल्यावर चढायचं असं त्यानं ठरवलं होतं, कारण सरपंचाला चांगल्या घरची मुलगी सांगून येते. त्याच्यासमोर उभा होता तोताराम. तोतारामला भाषण येत नव्हतं, पण चुलत्या-मावश्या पुष्कळ होत्या. त्यानं फक्त एवढंच केलं. कुंदाबाईच्या ओट्यावर जाऊन बसला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, की पितांबरच्या घरात शिंगाचा देव आहे म्हणतात, तो कोणता?

कुंदाबाई म्हणजे गावातल्या बायकांचं धर्मखातं. दर चैत्रात ती सप्तशृंगीच्या गडाला पायी जाई आणि आलटून-पालटून गावातल्या बायकांनाही नेई. धुरपदाबाईचा देव तिनं आजवर वेडीचा खेळ म्हणून सोडून दिला होता. आता ती पाच-सहा बायका घेऊन बघायला आली. कोनाड्यातली मूर्ती पाहिली, तिच्या डोक्यावरची शिंगं पाहिली, आणि कुंदाबाईच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. रेड्याचं डोकं आणि माणसाचं अंग. हा तर महिषासुर.

धुरपदाबाईनं परोपरीनं सांगितलं, हा रेडा नाही, म्हैस आहे, आई आहे. मग त्या दारात एक मोठा वाद झाला. शिंगं मागे वळलेली असली तर म्हैस की रेडा, यावर जन्मभर जनावरं सांभाळलेल्या सहा बायकांचं एकमत होईना. मूर्तीला लुगडं आहे हे एकीनं दाखवलं, तर दुसरी म्हणाली की राक्षस सोंग घेतात. शेवटी कुंदाबाईनं निकाल दिला.

“आम्ही देवीना डोंगर चढतस आनि तू तिना वैरीले घरमा बसाडीसन मासा चारस? आते समजनं गावमा दोन साल पानी काबरं कमी पडनं ते.”

धुरपदाबाईला एकच साक्षीदार होता. ती सूरजबाईकडे गेली. शेठाणी जपमाळ घेऊन बसली होती. पेगूमाय कोण हे तुम्ही सांगा, गाव तुमचं ऐकेल, असं धुरपदाबाईनं हात जोडून म्हटलं. सूरजबाईनं डोळे मिटले आणि सांगितलं की आपण ब्रह्मदेशात आपल्या मंदिराखेरीज कुठे पाऊलही टाकलं नव्हतं, तिथल्या देवाधर्माचं आपल्याला काय ठाऊक. तेवढ्यात चोवीस-पंचवीस वर्षांचा सुरेशचंद, त्या न टाकलेल्या पावलाचा पुरावा, आईला विचारायला आला की आज जेवायला काय आहे. धुरपदाबाई उठून आली.

गावभर झालं. पितांबरची पाचावर धारण बसली. आळीत बायकांची मतं निम्मी, आणि ती सगळी कुंदाबाईच्या पदराला बांधलेली. त्यानं दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी जेवताना आईपुढे विषय काढला. मूर्ती गिरणेत सोडायची, तीही चोरून नव्हे. वाजतगाजत, सगळ्या गावादेखत. धुरपदाबाईच्या हातातली भाकरी परातीतच राहिली. तेव्हा पितांबरनं आपलं सगळं वक्तृत्व पणाला लावलं.

“माय, तूच सांगस ना, त्या म्हशीनं पोऱ्याले गादी भेटो म्हनीसन सोतानं मुंडकं दिधं. तुले तर मुंडकं देनं नही. नुसतं लाकूड देनं शे.”

देवीची गोष्ट सांगून देवीलाच बुडवायला मागणारा माणूस धुरपदाबाईनं आयुष्यात पहिल्यांदा पाहिला, आणि तो तिच्याच पोटचा होता. तिनं तवा चुलीवरून उतरवला.

“मुंडकं मांगनारा राजा व्हता,” ती म्हणाली. “पोऱ्यानं मांगं नव्हतं. पोऱ्या तर रडना व्हता.”

पितांबरला रडता येत होतं, पण ते सभेत. त्यानं आणखी एक भाकरी मागून घेतली आणि विसर्जनाची तारीख ठरवून टाकली: मतदानाच्या आदल्या दिवशी, म्हणजे लोकांच्या आठवणीत ताजं राहील.

त्या धक्क्यानं म्हणा की भादव्याच्या डासांनी म्हणा, धुरपदाबाईला हिवताप भरला. आठ दिवस ती गोधडीत दात वाजवत पडून होती. आणि हे आठ दिवस प्रचाराचे. ओसरीवर सकाळ-दुपार-संध्याकाळ माणसांचा राबता, आणि आलेल्या प्रत्येकाला चहा. चहाशिवाय कार्यकर्ता बोलत नाही आणि दुधाशिवाय चहा होत नाही. पितांबरनं शेजारच्या गड्याला चांदी पिळायला लावलं आणि सांगितलं की चारही सड काढ, निवडणूक काही रोज येत नाही. चांदीचं पारडं वीस दिवसांचं होतं, नर. ते दाव्याला हिसके देत ओरडत राहिलं, मग ओरडायचं थांबलं, आणि सहाव्या दिवशी मेलं.

आता चांदी आटली. बादली खाली ठेवली की लाथ मारी आणि पारड्याच्या रिकाम्या खुंटाकडे बघून रेके. चहा काळा पडायची वेळ आली. पितांबरनं चिंधाला बोलावणं पाठवलं. चिंधा आपल्या कामात पक्का. त्यानं कवटीही काढून टाकून डोक्यातसुद्धा ठासून भुसा भरला, काळ्या जाड दोऱ्यानं मानेवर उलटी टीप घातली आणि पारडं उभं केलं. चांदीनं ते हुंगलं, थोडा वेळ विचार केला आणि चाटायला लागली. ओसरीवर पुन्हा दाट चहा सुरू झाला. पितांबर त्या दिवशी मातृप्रेमावर बोलला.

नवव्या दिवशी ताप उतरला. धुरपदाबाई भिंत धरत गोठ्यात आली आणि तिनं ते दृश्य पाहिलं. चांदी मान लांब करून भुशाचं तोंड चाटत होती. एवढं चाटलं होतं की कपाळावरचे केस झडून कातडं चकचकीत दिसत होतं. डोळ्यांच्या जागी चिंधानं दोन टाके मारले होते. खाली गडी चारही सड ओढत होता.

धुरपदाबाईनं आरडाओरडा केला नाही. तिनं पितांबरला एवढंच विचारलं की पारडं कशानं मेलं. पितांबर कागदावर मतांची बेरीज करत होता. वर न बघता तो म्हणाला, त्याला काही झालं नव्हतं, उगीच मेलं. तिला वाईट वाटलं ते पारड्याचं वाटलंच, पण त्याहून जास्त वाटलं ते चांदीचं. आणि चांदीचं वाटता वाटता तिला आपलंच काहीतरी दिसलं. पंचवीस वर्षं आपणही काय चाटतो आहोत, हा प्रश्न तिच्या मनात आला, आणि एकदा आलेला तो प्रश्न काही केल्या जाईना.

विसर्जनाच्या दिवशी दुपारी पितांबर वाजंत्र्यांना सांगायला गेला होता. धुरपदाबाईनं विळा घेतला, गोठ्यात गेली, आणि चिंधाच्या टाक्यांच्या जरा खालून भुशाच्या पारड्याची मान कापली. उघड्या बाजूला गोणपाटाचा तुकडा लावून शिवला. डोकं लाल कापडात गुंडाळलं, वरून नाडा आवळला, कुंकू वाहिलं. कोनाड्यातली पेगूमाय उचलून तिनं चांदीच्या गव्हाणीत कडब्याखाली ठेवली. पितांबर आला तेव्हा लाल गाठोडं पाटावर तयार होतं.

त्यानं ते उचलून पाहिलं, हलकं लागलं. लाकूड जुनं झालं की हलकं होतं, असं त्याच्या मनानं घेतलं. उघडून बघायला मात्र धुरपदाबाईनं मना केलं. निघालेल्या देवाचं तोंड बघू नये, ती म्हणाली. पितांबरला एवढीच इच्छा होती की आई रडावी, म्हणजे गावाला दिसेल. पण ती रडली नाही. गाठोडं त्याच्या हातात देऊन ती गोठ्यात जाऊन बसली.

मिरवणूक दणक्यात झाली. पुढे डफ आणि सनई, मागे कुंदाबाईच्या नेतृत्वाखाली ओवाळणीचं ताट घेतलेल्या बायका, मध्ये डोक्यावर लाल गाठोडं घेऊन पितांबर. नदीकाठी त्यानं भाषण केलं. एका मातेनं आपल्या लेकराच्या कार्यासाठी आपलं दैवत अर्पण केलं, असा त्याग खानदेशानं पाहिलेला नाही, असं म्हणताना त्याचा आवाज बरोबर जिथं फुटायला हवा तिथं फुटला. मग कमरेइतक्या पाण्यात जाऊन त्यानं गाठोडं सोडलं.

देव बुडतो अशी सगळ्यांची समजूत होती. हे गाठोडं बुडेना. डुलत डुलत मध्ये गेलं, एका खडकाला लागलं, गाठ सैल झाली, आणि लाल कापड पाण्यावर पसरलं. त्यातून पारड्याचं मुंडकं वर आलं. कानांसकट, चकचकीत कपाळासकट, मिटल्या डोळ्यांचं. एक गिरकी घेऊन ते काठाकडे तोंड करून थांबलं.

पितांबरच्या तोंडचं पाणी पळालं. मानेवरची काळी टीप त्यानं ओळखली. क्षणभर त्याला वाटलं, संपलं. आता गाव हसणार, आणि एकदा हसायला लागलेलं हे गाव दोन पिढ्या थांबत नाही.

पण गावाच्या अकलेवर त्यानं पुरेसा भरवसा ठेवला नव्हता. कुंदाबाईनं ताट खाली ठेवलं आणि पाण्यात लोटांगण घातलं. लाकडाची मूर्ती गेली आणि रेड्याचं मुंडकं वर आलं, तेही धडावेगळं झालेलं. याचा अर्थ काय, हे गडाच्या पायऱ्या चढलेल्या बाईला सांगावं लागत नाही. देवीनं गिरणेच्या पाण्यात महिषासुराचा वध केला होता. मान कापलेली जागा सगळ्यांना स्पष्ट दिसत होती, तिथला गोणपाट मात्र कुणाला दिसला नाही. बायकांनी देवीचा उदो केला. पुरुषांनी आधी एकमेकांकडे पाहिलं आणि मग जास्त मोठ्यानं केला. तोतारामही करत होता, करतो काय?

काठावर चिंधा उभा होता. टीप आपली आहे, असं तो शेजारच्याला म्हणाला. शेजारच्यानं त्याला गप्प केलं. संध्याकाळी पारावर त्यानं पुन्हा सांगून पाहिलं, तेव्हा कुणीतरी त्याला समजावलं की देवीनं वधासाठी तुझ्या हातची टीप निवडली, तू भाग्यवान आहेस. चिंधानं विचार केला आणि त्यालाही ते पटलं. पुढे तो पारडी भरायचे पैसे वाढवून घेऊ लागला.

दुसऱ्या दिवशी मतं पडली. तोतारामला त्याच्या मावश्यांनीसुद्धा मत दिलं नाही. पितांबर निवडून आला, आणि महिषासुराला घराबाहेर काढणाऱ्या माणसालाच पंचांनी सरपंच केलं. सूरजबाई शेठाणीनं हाराबरोबर पेढे पाठवले. गावच्या पंचायतीत नवीन खुर्ची आली. पेगूच्या त्या राजपुत्राला जशी मुंडक्यावर गादी मिळाली होती, तशी यालाही मिळाली. फरक एवढाच, की तिकडे आईनं आपण होऊन मान दिली होती, आणि इकडे वीस दिवसांच्या लेकराची घेतली गेली होती.

गळ्यात हार घेऊन पितांबर घरी आला तेव्हा दिवस कलला होता. विसर्जनापासूनच्या गडबडीत त्यानं गोठ्यात पाऊल टाकलं नव्हतं. ओसरीवर कुणी नव्हतं. माणसं चहा नसलेल्या घरी फार वेळ थांबत नाहीत. तो गोठ्याच्या दारात जाऊन उभा राहिला. आई चांदीपुढे कडबा सारत होती, आणि कडब्याच्या मधोमध, ओळखीचं हिरवं लुगडं नेसून, डोक्यावर शिंगं घेऊन पेगूमाय उभी होती. शेजारी पानावर तळलेला मासा होता. कोपऱ्यात बिनडोक्याचं पारडं भिंतीला टेकवून ठेवलेलं.

पितांबरला पुष्कळ बोलायचं होतं. पण तो भाषण करणारा माणूस असला तरी मूर्ख नव्हता. ओरडलं तर गाव गोळा होईल, गाव गोळा झालं तर मूर्ती दिसेल, आणि मूर्ती दिसली तर सरपंचपद जाईल. ही बाई जिवंत असेपर्यंत महिषासुर आपल्याच गोठ्यात राहणार, आणि त्याला झाकून ठेवायचं काम गावच्या सरपंचालाच करावं लागणार, हे त्याच्या हळूहळू ध्यानात आलं. तो ओसरीवर येऊन बसला.

धुरपदाबाईनं चूल पेटवली आणि त्याच्यापुढे कप आणून ठेवला. चहा काळाभोर होता.

“माय, दूध नही का?”

“चांदी देत नही.”

“काबरं?”

धुरपदाबाई दारात टेकली. हार अजून त्याच्या गळ्यात होता आणि त्याच्या कपाळावर गुलाल. देव पाठीला बांधून, याच पोराला हाताला धरून तिनं डोंगरातून आणलं होतं. तिला त्या चेहऱ्याला हात लावावासा वाटला, पण तिनं लावला नाही.

“तिले समजी गयं,” ती म्हणाली. “आपलं पारडं भुसानं शे.”

पितांबरनं मान खाली घातली आणि कोरा चहा प्यायला. साखर मात्र तिनं घातली होती, नेहमीसारखी दोन चमचे.